जुन्या इंजिनाच्या भागांवरचा गंज: काय घासायचं, काय बुडवायचं आणि कशाला हात लावायचा नाही

बरीच वर्षं कोपऱ्यात पडलेलं इंजिन उघडलं की हात आपोआप तारेच्या ब्रशकडे जातो. माझाही जायचा. तो लालसर थर डोळ्यांत खुपतो आणि खरवडल्यावर खालचं लोखंड चमकलं की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण इंजिनातल्या निम्म्याअधिक भागांचं मोल त्यांच्या मापात असतं, चकाकीला तिथे कोणी विचारत नाही. क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग), टॅपेटचा (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या भागाचा) तळ, व्हॉल्व्हची दांडी, इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब चालतो. गंजाने आपला घास आधीच घेतलेला आहे. घासताना आपण आणखी किती घेतो, यावर तो भाग पुन्हा बसणार की भंगारात जाणार हे ठरतं.

एक दिलासा आधीच देतो. लोखंडाचा गंज होताना तो फुगतो, मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून गंजाचा थर दिसायला भरपूर असला, तरी खालचं लोखंड तितकं गेलेलं नसतं. भाग बघून घाबरून फेकून देऊ नका, आणि घाईघाईने ग्राइंडरही चालवू नका.

आधी ढीग लावा

काम सुरू करताना एक लोहचुंबक जवळ ठेवा. जुन्या भागांवर तेल, काजळी आणि धूळ यांचं इतकं जाड पुट असतं की ॲल्युमिनियम कुठलं आणि बीड (ओतीव लोखंड) कुठलं हे नजरेला कळत नाही. चुंबक चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, पितळ, जस्ताचा मिश्रधातू किंवा काही जातींचं स्टेनलेस. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कधीकधी फसवतो: दांडीला चुंबक लागतो, डोक्याला लागत नाही. तो दोन धातू जोडून केलेला असतो, त्यात बिघाड काही नाही.

मग तीन ढीग. पहिल्यात मापाशी संबंध नसलेले भाग: ब्रॅकेट, झाकणं, पत्र्याचा संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, साधे नट-बोल्ट. दुसऱ्यात मशीनवर घासलेले पृष्ठभाग असलेलं लोखंड: क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, ब्लॉक, हेड. तिसऱ्यात ज्यांना आम्ल अजिबात दाखवायचं नाही असे भाग: ॲल्युमिनियमचे पिस्टन, कार्ब्युरेटर, पितळी बुश बसवलेले रॉड, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि हेड किंवा रॉडचे कडक पोलादाचे बोल्ट.

स्प्रिंगा आणि कडक बोल्ट वेगळे काढण्यामागे कारण आहे. आम्लात बुडवल्यावर पोलादात हायड्रोजन शिरतो आणि जास्त कडक केलेलं पोलाद त्यामुळे ठिसूळ होतं. बोल्ट दिसायला झकास दिसतो आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. असे भाग तेल लावून हाताने साफ करायचे. स्प्रिंगेवर गंजाचे खड्डे दिसले तर ती बदलायचीच, कारण तडा त्या खड्ड्यापासूनच सुरू होतो. गंजलेल्या बॉल किंवा रोलर बेअरिंगवरही वेळ घालवू नका. ते साफ होतं, पण फिरताना खरखरतं आणि लवकरच जातं.

ढीग लावतानाच प्रत्येक महत्त्वाच्या पृष्ठभागावरून नख फिरवा. नख सरळ सरकलं तर तो वरवरचा गंज. नख अडकलं तर खड्डा. खड्डा कुठल्याही रसायनाने भरून येत नाही, गंज काढल्यावर तो उलट जास्त स्पष्ट दिसतो. असे भाग बाजूला ठेवा, त्यांचा निकाल मायक्रोमीटर लावून आणि लेथवाल्याशी बोलून करायचा.

तेल निघाल्याशिवाय गंज निघत नाही

आम्ल असो वा सोडा, दोन्ही पाण्यातून काम करतात. भागावर तेलाचा पापुद्रा राहिला तर त्याखालचा गंज जिथल्या तिथे राहतो आणि भाग ठिपक्याठिपक्यांचा निघतो. आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेट घेते. रॉकेलनंतर गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर. पाण्याने नीट धुतलं की एक सोपी खूण दिसते: भागावर पाणी एकसंध पसरलं तर तेल गेलं, थेंबाथेंबांनी गोळा झालं तर अजून आहे.

जुन्या पॅकिंगची एक सूचना. फार जुन्या इंजिनांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, तारेच्या चाकाने तर मुळीच नाही. पाण्याने किंवा तेलाने ओलं करून पात्याने हळू सोलायचं आणि पिशवीत बंद करून टाकायचं.

लिंबूसत्त्वाचं पाणी

पहिल्या ढिगासाठी आणि दुसऱ्या ढिगातल्या बऱ्याच भागांसाठी मी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरतो. एक लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम. कोमट पाण्यात लवकर विरघळतं आणि गंजही लवकर सुटतो. भांडं प्लास्टिकचं घ्या.

आता बारकावे, कारण बिघडतं ते इथेच. भाग पूर्ण बुडाला पाहिजे. अर्धा पाण्यात आणि अर्धा बाहेर राहिला तर पाण्याच्या रेषेवर धातू वेगाने खाल्ला जातो. मी एकदा टॅपेट असेच व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले होते. सकाळी बघतो तर रात्रीत पाणी थोडं आटलेलं आणि प्रत्येक टॅपेटच्या अंगावर सुईने ओढल्यासारखी बारीक रेघ. नख तिथे अडकायचं. सहाच्या सहा गेले. तेव्हापासून मशीन केलेला भाग मी झोपायला जाताना पाण्यात ठेवत नाही.

भाग टाकल्यावर सुरुवातीला फारसं काही दिसत नाही. हळूहळू पाणी पिवळट-हिरवट होतं आणि गंजाचा रंग काळवंडतो. दर अर्ध्या तासाने भाग बाहेर काढा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि बघा. पातळ गंज एक-दोन तासांत जातो, जाड थराला जास्त वेळ लागतो. गंज गेलेल्या चकचकीत जागेवरून बुडबुड्यांची सतत धार लागली, तर समजा की आता आम्ल लोखंडच खातंय. लगेच बाहेर काढा.

बीडाचे भाग बाहेर काढल्यावर काळपट दिसतात आणि बोटांना काजळीसारखं काही लागतं. घाबरू नका. बीडात ग्रॅफाइट असतं, वरचं लोखंड थोडं विरघळलं की ते उघडं पडतं. ब्रशने घासलं की जातं. ते पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा आम्लात बुडवत बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

घरातलं व्हिनेगरही चालतं. त्यात साधारण ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असतं, म्हणून ते सावकाश काम करतं. वास मात्र दिवसभर हटत नाही. मळीचं पाणीही गंज काढतं, पण आठवडे लागतात आणि ॲल्युमिनियमला ते खातं. घाई नसलेल्या माणसाची ती पद्धत. फरशी धुण्याच्या ॲसिडपासून मात्र लांब राहा. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंज चुटकीसरशी जातो, पण त्याच्या वाफेने खोलीतली बाकीची सगळी हत्यारं दोन दिवसांत गंजतात आणि फुप्फुसांनाही त्रास होतो. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट कुठल्याच आम्लात टाकू नका. गंजाआधी मुलामाच जाईल.

विजेचं पाणी

भाग मोठा असेल, त्यात कोपरे आणि भोकं असतील, तर इलेक्ट्रोलिसिससारखी, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढण्यासारखी, पद्धत नाही. तिचा मोठा गुण असा की आतलं चांगलं लोखंड ती खात नाही. तुम्ही दोन तास विसरलात तरी भाग तसाच राहतो.

प्लास्टिकच्या बादलीत पाणी घ्या, त्यात लिटरला ५ ते १० ग्रॅम धुण्याचा सोडा. मीठ घालू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बादलीत एका बाजूला भाग आणि दुसऱ्या बाजूला साध्या लोखंडाचा तुकडा, म्हणजे बांधकामातली सळई किंवा पत्रा टांगा. तो भागाला टेकता कामा नये. स्टेनलेस स्टील इथे कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. गॅल्व्हनाइज्ड पत्राही नको.

मग १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. उणे टोक भागाला, अधिक टोक सळईला. हे पाठ करून ठेवा, कारण उलटं लावलं तर गंज सळईऐवजी तुमचा क्रँकशाफ्ट खाईल, तेही सफाईने. मी चिमट्यावर रंगाने 'भाग' असं लिहून ठेवलंय, आठवणीवर भरवसा नाही. नव्या धाटणीचे हुशार चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत. त्यासाठी जुना साधा चार्जर बरा.

जोडणी बरोबर असेल तर भागावरून बारीक बुडबुडे उठतात. तो हायड्रोजन आहे. काम उघड्यावर करा, जवळ ज्योत किंवा विडी-सिगारेट नको, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा, नाहीतर ठिणगी नेमकी वायूतच उडेल. स्प्रिंगा आणि कडक बोल्ट या बादलीतही नकोत, इथेही हायड्रोजनच तयार होतो. ॲल्युमिनियमही नको, सोडा त्याला खातो.

ही पद्धत सळईच्या समोरच्या बाजूला जास्त आणि मागच्या बाजूला कमी काम करते. म्हणून भाग अधूनमधून फिरवा किंवा चहूबाजूंना सळया लावून त्या तारेने जोडा. चार-सहा तासांनी भाग काळा, मऊ थर घेऊन बाहेर येतो. ब्रशने तो लगेच सुटतो.

क्रँकचं जर्नल

इथे सावकाश जा. जर्नलवरचा हलका गंज काढताना तो गोलच राहिला पाहिजे, लंबगोल होता कामा नये.

आधी तेलाची भोकं कापडाच्या बोळ्यांनी बंद करा. मग जर्नलवर पातळ तेल सोडा आणि अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने हलक्या हाताने गोल फिरवत पुसा. बरेचदा एवढ्यावरच भागतं: तेल लालसर-तपकिरी होतं, पुसलं की खाली राखाडी चकाकी दिसते. उरलेल्या डागांसाठी ६०० नंबरच्या वॉटर पेपरची जर्नलच्या रुंदीएवढी पट्टी कापा, तेलात भिजवा, जर्नलभोवती गुंडाळा. पट्टीवर एक दोरी दीड वेढा घाला आणि दोन्ही टोकं आळीपाळीने ओढा. पाच-सहा ओढी झाल्या की क्रँक पाव फेरी फिरवा आणि पुन्हा तेच. एकाच जागी ओढत राहिलात तर तिथे खोलगट पडेल. शेवटी १००० नंबरने तसंच.

काळसर डाग राहिला पण नख अडकत नाही, तर तिथे थांबा. तो डाग इंजिनाला दिसत नाही, फक्त तुम्हाला दिसतो. डाग पुसण्याच्या नादात माप घालवू नका. नंतर मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल दोन जागी आणि प्रत्येक जागी काटकोनात दोनदा मोजा, आणि त्या इंजिनाच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून बघा. खड्डे खरोखर असतील तर जर्नल ग्राइंड करून घ्यावं लागतं आणि त्यावर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी मापाची बेअरिंग बसतात. जर्नलच्या दोन्ही कडांना जी गोलाई असते, तिथे पट्टीने कोपरा पाडू नका. क्रँक तुटतो तो तिथूनच. ऑइल सीलची जागाही नखाने तपासा, तिथला एखादा खड्डाही तेल गाळत राहतो.

कॅमच्या उंचवट्यांना याच पद्धतीने, पण आणखी हलक्या हाताने. त्यांचा वरचा कडक थर पातळ असतो.

सिलेंडरचा बोअर

पिस्टन अडकला असेल तर आधी आत शिरणारं तेल सोडा आणि दिवसदोन दिवस थांबा. हातोडा नंतर. पिस्टन निघाल्यावर बोअरमध्ये कागद वर-खाली घासू नका. उभ्या रेघांमधून तेल आणि दाब दोन्ही निसटतात. तेल आणि स्टील वूलने वरचा गंज पुसा, मग होनिंगचं (बारीक घासदगड लावलेलं) हत्यार ड्रिलला लावून, भरपूर तेल सोडत, वर-खाली नेत फिरवा. रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांनी छेदल्या पाहिजेत. रिंगा जिथे फिरतात तिथे खड्डे राहिले तर बोअर मोठा करून घेणं आलंच.

होनिंगनंतर बोअर रॉकेलने धुतला की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. रॉकेल तेल काढतं, दगडाची बारीक कणी मात्र रेघांमध्येच बसून राहते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रशने घासा. मग पांढऱ्या कापडाला तेल लावून पुसा. कापड करडं झालं तर पुन्हा धुवा. मला बहुतेक वेळा तीन-चार फेऱ्या लागतात.

घासण्याच्या खरखरीत चकत्यांबद्दलही इथेच सांगतो. ड्रिलला लावायच्या त्या नायलॉनच्या रंगीत चकत्यांमधून ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी उडते. ती तेलाच्या वाटेत गेली तर नवीन बेअरिंग काही तासांत खाते. इंजिनाच्या आतल्या भागांना, किंवा उघड्या ब्लॉकच्या आसपास, त्या चकत्या लावूच नका. बाहेरच्या ब्रॅकेटला लावा, दूर नेऊन. तारेचं चाक वापरताना चष्मा हवाच, तुटलेली तार सरळ डोळ्याच्या दिशेने येते.

पाण्यातून बाहेर काढल्यानंतरची दहा मिनिटं

साफ झालेलं उघडं लोखंड म्हणजे गंजासाठी कोरी पाटी. पाण्यातून काढून ठेवलेला भाग तुम्ही टॉवेल शोधेपर्यंत नारिंगी झालेला असतो. म्हणून भाग बाहेर काढण्याआधीच पुढची सगळी तयारी हाताशी ठेवा.

आम्लातून काढलेला भाग आधी साध्या पाण्यात, मग लिटरला चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा. उरलेलं आम्ल मरतं. त्यानंतर हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं. लोखंड तापलं की बाहेर काढल्यावर पाणी स्वतःच उडून जातं. लगेच हवा मारा, विशेषतः आट्यांमध्ये आणि आंधळ्या (आरपार न जाणाऱ्या) भोकांमध्ये. कॉम्प्रेसर नसेल तर केस वाळवायचं यंत्रही चालतं. भाग कोमट असतानाच पाणी हटवणारा स्प्रे किंवा पातळ तेल. डब्ल्यूडी-४० मधली 'डब्ल्यूडी' ही अक्षरं 'पाणी हटवणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीच आहेत आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. तो या कामाला उत्तम, पण महिनोन्‌महिने राखण करायला नाही. त्याचा पातळ थर फार टिकत नाही.

क्रँकशाफ्टच्या आतल्या तेलाच्या वाटा या टप्प्यावर विसरल्या जातात. बोळे काढा, लांब बारीक ब्रश आरपार फिरवा, हवा मारा. मग एका टोकाने तेल सोडून दुसऱ्या टोकाने स्वच्छ बाहेर येतं का बघा. बाहेर येणाऱ्या तेलाजवळ चुंबक धरा. स्टील वूलची केसाएवढी तार राहिली असेल तर ती त्याला चिकटते.

बाहेरच्या बीडाला आणि पत्र्याला रंग द्यायचा असेल तर फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक लावून, सुकवून, उष्णता सोसणारा रंग द्या. हे रसायन फिरणाऱ्या किंवा एकमेकांवर बसणाऱ्या पृष्ठभागांवर लावायचं नाही, त्याचा थर तिथे माप बिघडवतो.

जोडणी लगेच होणार नसेल तर

साधं इंजिन ऑइल उभ्या पृष्ठभागावरून हळूहळू ओघळून जातं. महिन्यापेक्षा जास्त थांबायचं असेल तर जर्नल आणि बोअरला ग्रीसचा पातळ हात द्या. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद हवेतला ओलावा धरून ठेवतो. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलंत तर आत घाम सुटतो. गंजरोधक वाफ सोडणारा कागद मिळतो, तो सगळ्यात चांगला. नाहीतर तेलकट कापडात गुंडाळून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. व्हॉल्व्ह आणि टॅपेट कुठून काढले त्या क्रमाने ठेवायचे आणि डब्यावर नंबर टाकायचे. एकमेकांच्या जागी बसवले तर झिजेची जोडी मोडते.

साफ केलेला भाग उघड्या हाताने उचलू नका. मी एकदा चकचकीत केलेला व्हॉल्व्ह तेल लावण्याआधी कौतुकाने हातात फिरवून पाहिला होता. आठवड्याने डबा उघडला तर दांडीवर माझ्या अंगठ्याचा ठसा, रेषान् रेषा मोजता येईल असा, गंजाने उमटलेला. घामातल्या मिठाचं काम. तेव्हापासून रबरी हातमोजे, आणि डबा महिन्यातून एकदा उघडून बघायचा. कुठे नारिंगी ठिपका दिसला तर तेलाचा बोळा आणि चार शून्यांचं स्टील वूल, दोन मिनिटांचं काम. त्या ठिपक्याचा खड्डा व्हायला वेळ लागतो, तोवर तो आपल्या हातात असतो.

वापरलेलं रॉकेल गाळून पुढच्या धुण्याला ठेवा. आम्लाच्या पाण्यात खायचा सोडा टाका, फसफसणं थांबलं की ते निष्प्रभ झालं. खाली बसलेला गाळ गाळून कोरडा करा आणि वेगळा टाका, गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका.